सांगली ते पुणे, दर पंधरा दिवसांनी: बायोटेक उद्योजकतेच्या अभ्यासक्रमाबद्दल

कुपवाड एमआयडीसीत माझं द्रवरूप जिवाणू खतांचं युनिट आहे. अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) आणि पीएसबी (जमिनीतला स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही दोन मुख्य उत्पादनं, चौदा माणसं, दोन फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाक्या. गिऱ्हाईक म्हणजे तासगाव-कवठेमहांकाळचे द्राक्ष बागायतदार, मिरज भागातले हळदवाले आणि वाळव्याचे ऊसवाले. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालेलं असल्यामुळे जिवाणू कसे वाढवायचे हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. धंदा मात्र मी अंदाजानं करत होते, आणि सातव्या वर्षी तो अंदाज पुरेनासा झाला. विक्री दरवर्षी वाढत होती, पण मार्चअखेर हातात काही उरत नव्हतं.

म्हणून पुण्यातल्या एका संस्थेचा जैवतंत्रज्ञान उद्योजकता आणि नेतृत्व हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला. दर पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार, फी दोन्ही वर्षांची मिळून दोन लाख ऐंशी हजार. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि तिच्याबद्दल आमच्या बॅचचं त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे. पण आपल्या भागातली बरीच मुलं-मुली फोन करून "ताई, करावा का?" असं विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

शुक्रवारी रात्रीची एसटी धरायची, पेठ नाक्यावरून हायवेला लागायचं, खंबाटकी घाटात झोप मोडायची आणि अंधारातच स्वारगेटला उतरायचं. रविवारी रात्री परत, सोमवारी आठला युनिटवर. मुलगा तेव्हा तिसरीत होता. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, पोराचं मी बघते," म्हणून हे जमलं. घरात असं कुणी पाठीशी नसेल तर या वेळापत्रकाचा विचार आधी करा, फीचा नंतर.

या अभ्यासक्रमातलं सगळ्यात मोलाचं काय, तर पहिल्याच सत्रातला एक गृहपाठ. तीस गिऱ्हाइकांना भेटायचं. आपल्या मालाचं नाव काढायचं नाही, काही विकायचं नाही, फक्त विचारायचं आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. मी बागायतदाराचीच मुलगी, मला शेतकऱ्याबद्दल नवीन काय कळणार असं वाटलं होतं. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर मणेराजुरीत एका बागेत गेले. मालक काका छाटणीच्या मजुरांना चहा देत होते. जिवाणू खतांचा विषय निघाल्यावर म्हणाले, "कंपनी कुठली ते आम्ही बघत न्हाई, ताई. दुकानदार म्हणतो ह्ये सोडा, आम्ही सोडतो. पर जिवाणूचं काय खरं न्हाई. एका वर्षी लागू पडतंय, एका वर्षी नुसतं पाणी सोडल्यागत." कुठलं वापरता म्हणून विचारलं, तर त्यांनी शेडमधून माझीच बाटली आणून दाखवली.

मी काही बोलले नाही, नियमच तसा होता. वहीत लिहून घेतलं आणि तिथून थेट ते ज्या कृषी सेवा केंद्रातून माल घेतात तिथे गेले. माझ्या बाटल्या माळ्यावर होत्या, पत्र्याला हात लागेल इतक्या वर. मार्चमध्ये भरलेला लॉट, म्हणजे अख्खा उन्हाळा त्या पत्र्याखाली काढलेला. चार बाटल्या विकत घेतल्या आणि युनिटवर आणून प्लेटिंग केलं, म्हणजे किती जिवाणू जिवंत आहेत ते प्लेटवर वाढवून मोजलं. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे द्रवरूप अ‍ॅझोटोबॅक्टरमध्ये एका मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत पेशी लागतात. दहापट असं सहा वेळा पातळ करून त्यातलं एक मिलिलिटर प्लेटमध्ये ओतलं, तर किमान शंभर वसाहती, म्हणजे एकेका जिवंत पेशीपासून वाढलेले ठिपके, दिसायला हव्यात. त्याच लॉटची आमच्या गार कपाटात ठेवलेली बाटली होती, तिच्या प्लेटवर १६८ आल्या. दुकानातल्या चार बाटल्यांच्या आल्या ९, ६, ११ आणि ७. तिसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडून त्या जवळजवळ कोऱ्या प्लेट हातात धरल्या तेव्हा माझे डोळे भरून आले. काका खरं बोलत होते. सात वर्षं मी माल गेटबाहेर पडेपर्यंत तपासत होते, पण तो ज्याच्या मुळाशी पडतो तिथवर एकदाही गेले नव्हते.

त्यानंतर आम्ही उन्हाळ्यात दुकानांत माल भरणं बंद केलं. आता छाटणीच्या जेमतेम सहा आठवडे आधी छोटे लॉट जातात, पारदर्शक बाटलीऐवजी पांढरा कॅन वापरतो, पेशींना आधार म्हणून ग्लिसरॉलचं प्रमाण बदललं आहे, आणि दुकानातून परत आणलेला नमुना प्लेटवर घेतल्याशिवाय पुढचा लॉट निघत नाही. एवढ्या एका गृहपाठात माझी फी वसूल झाली, हे मी कुणालाही सांगेन.

दुसरा विषय हिशेबाचा. शिकवायला औषध कंपनीतून निवृत्त झालेले एक सर होते. त्यांनी विचारलं, एका लिटरमागे खर्च किती? मी म्हटलं अठ्ठावन्न रुपये. त्यांनी फळ्यावर ५८ लिहिलं आणि शांतपणे विचारत गेले. परत आलेला माल कुठे धरलाय? गाडीभाडं? स्वतःचा पगार? आणि मॅडम, उधारीचं व्याज कुठंय? आपल्याकडे बागायतदार दुकानदाराला पैसे देतो ते द्राक्ष गेल्यावर, दुकानदार मला देतो ते एप्रिल-मेमध्ये. माल मात्र सप्टेंबरमध्ये गेलेला असतो. मधले आठ महिने मी बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे व्याजाच्या उचलीवर काढते. फळ्यावरचा आकडा ९७ वर थांबला. दुकानदाराला मी १०५ ला देत होते. मार्चअखेर काही का उरत नाही, याचं उत्तर त्या दुपारी मिळालं. आता रोखीचा आणि उधारीचा असे दोन दर आहेत. रोखीनं घेणारी एक शेतकरी उत्पादक कंपनी पहिल्याच हंगामात जोडली गेली.

परवाने आणि पेटंट यांचं सत्र नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचं. मला भेटणाऱ्या दहातल्या आठ मुलांना ट्रायकोडर्माचं, म्हणजे पिकावरच्या रोगकारक बुरशींना मारणाऱ्या उपयोगी बुरशीचं युनिट टाकायचं असतं आणि त्यांना वाटतं की जिवाणू खताचा परवाना काढला की झालं. तसं नाही. अ‍ॅझोटोबॅक्टर, रायझोबियम ही खतं, ती १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात. ट्रायकोडर्मा बुरशीनाशक म्हणून विकायचा तर तो १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली जातो आणि त्याची नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय मंडळाकडे करावी लागते. कागद वेगळे, चाचण्या वेगळ्या, खर्च कितीतरी जास्त. हे शेड बांधायच्या आधी कळलेलं बरं.

पेटंटचं माझंच उदाहरण वर्गात निघालं. हळदीच्या एका रानातून मी पीएसबीचा एक चांगला स्ट्रेन, म्हणजे वाण, वेगळा केला होता आणि त्याचं पेटंट घ्यायचं मनात होतं. तो विषय शिकवणाऱ्या मॅडमनी पेटंट कायद्याचं कलम ३ उघडून वाचायला लावलं. निसर्गात जसा आहे तसा सापडलेला जीव हा शोध धरला जात नाही, त्याला पेटंट मिळत नाही. त्यापासून बनवलेलं नवं मिश्रण किंवा नवी प्रक्रिया असेल तर विचार होऊ शकतो. पण तेव्हाही स्ट्रेन मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो आणि जैवविविधता कायदा २००२ चं भानही ठेवावं लागतं, कारण माती आणि जीव इथले आहेत. असा जागतिक मान्यतेचा संग्रह पुण्यातच आहे, तिथे आमची एक भेटही झाली. चेन्नईचं जैवविविधता प्राधिकरण, स्ट्रेन जमा करण्यासाठीचा बुडापेस्ट करार ही नावं मी त्याआधी फक्त ऐकली होती. आता त्यांचे अर्ज भरता येतात.

आता नेतृत्व. या विषयाकडून मला खूप आशा होती आणि इथेच अभ्यासक्रम उणा पडला. बहुतेक उदाहरणं अमेरिकेतली किंवा लसींची. १९७६ साली शास्त्रज्ञ हर्बर्ट बॉयर आणि गुंतवणूकदार रॉबर्ट स्वॉन्सन यांनी जेनेंटेक काढली, १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन करून घेतलं, पण ते बाजारात आणण्याचं काम एली लिली या मोठ्या कंपनीला दिलं आणि १९८२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ही गोष्ट मनापासून आवडली, कारण सगळं आपणच विकलं पाहिजे हा माझा हट्ट तिथे सुटला. किरण मजुमदार-शॉ यांची गोष्ट तर मी मुलालाही सांगितली. १९७८, बंगळुरूतलं भाड्याच्या घराचं गॅरेज, दहा हजार रुपये भांडवल, आणि सुरुवात पपईपासून काढलेल्या पपेन या एन्झाइमनं. पण दोन वर्षांत शेतीच्या बायोटेकवर फक्त एक तास मिळाला. आमच्या वीसजणांच्या वर्गात सहाजण शेतीतले होते. हे बदलायला हवं, मी लेखी कळवलंही आहे.

त्या विषयातली एकच गोष्ट कामी आली. आपल्याच कामगारांकडून नाव न घालता चिठ्ठ्या लिहून घ्यायच्या. माझ्या चौदातल्या नऊ चिठ्ठ्यांत एकच मजकूर होता: मॅडम चूक झाली की सगळ्यांसमोर बोलतात. एका चिठ्ठीत पुढे लिहिलं होतं की फर्मेंटरला वास येतोय हे आदल्या रात्रीच कळलं होतं, पण भीतीनं सांगितलं नाही. तो लॉट मला आठवतो, दोनशे लिटर ओतून द्यावा लागला होता. रात्रीच कळलं असतं तर निदान पुढच्या लॉटसाठीचं जिवाणूंचं विरजण वाचलं असतं. मी सगळ्यांना एकत्र बसवून माफी मागितली. तेव्हापासून फर्मेंटरजवळ एक वही आहे, जे वाटेल ते लिहायचं, लिहिणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही.

तक्रारीकडे येते. माहितीपत्रकात लिहिलं होतं की शेवटच्या सत्रात प्रकल्पासाठी प्रत्येकाला संस्थेच्या फर्मेंटरवर ठरावीक तास मिळतील. दुसऱ्या वर्षी तो फर्मेंटर जवळजवळ सबंध वर्ष दुरुस्तीसाठी बंद होता. आम्हाला जुनी आकडेवारी देऊन त्यावरच प्रकल्प करा म्हणून सांगितलं. माझं स्वतःचं युनिट असल्यामुळे माझं निभावलं. साताऱ्याची एक मुलगी नोकरी सोडून आली होती, तिची सगळी कल्पना त्या यंत्रावर तपासायची होती. तिच्या हातात शेवटी कागदच राहिले. फीचा तेवढा भाग परत द्या किंवा यंत्र सुरू झाल्यावर आम्हाला तास द्या, एवढीच आमची मागणी आहे.

अनुदानाबद्दलही खूप विचारणा होते. बायरॅक या बायोटेक उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या बिग योजनेचा, म्हणजे ५० लाखांपर्यंत आणि १८ महिन्यांसाठी मिळणाऱ्या अनुदानाचा अर्ज इथे प्रत्येकाकडून लिहून घेतात. लिहिण्याचा सराव चांगला होतो. पण ती योजना नवी कल्पना सिद्ध करून दाखवण्यासाठी आहे, चालू युनिटच्या खेळत्या भांडवलासाठी नाही. त्या आशेनं जाऊ नका.

शिकवणं इंग्रजीत असतं, पण अडलं तर मराठीत विचारता येतं आणि मराठीत समजावूनही देतात. भाषेला घाबरायचं कारण नाही. बी.एस्सी. होऊन लगेच जाणाऱ्यांना मात्र मी थांबा म्हणेन. वर्ष-दोन वर्षं कुठल्याही युनिटवर काम करा, एखादा लॉट स्वतःच्या हातानं बिघडू द्या. मग हिशेबाच्या तासाला विचारायला प्रश्न असतील. ज्यांचं छोटं युनिट आहे आणि जे माझ्यासारखे मार्चअखेर कोड्यात पडतात, त्यांनी जरूर करावा.

आणि फी भरायच्या आधी एकदा प्रयोगशाळा बघायला जा. शनिवारीच जा, बॅच त्या दिवशी असते. फर्मेंटर सुरू करून दाखवा म्हणा.