फवारणी न करताच गेलेला पेस्ट कंट्रोलवाला

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला, इमारत 1983 ची. पुनर्विकासाचं घोडं सहा वर्षं अडलेलंच आहे. मी सकाळचे 14 डबे देते. त्यामुळे तांदळाची गोणी, गहू, डाळी, बेसन घरात कायम भरलेलं. एवढं धान्य म्हटल्यावर किडे होणारच, असं सासूबाईंचं मत. माझंही तेच होतं, पण जूनच्या शेवटी एका पहाटे मिक्सर उचलला आणि खालच्या जाळीतून झुरळाची तीन पिल्लं पळाली. त्या दिवशी डब्यात चटणी गेली नाही, लोणच्यावर भागवलं.

बरं, पेस्ट कंट्रोल करत नव्हतो असंही नाही. एका कंपनीचं वर्षाचं कंत्राट होतं, 3,200 रुपयांचं. पाठीवर पंप घेऊन दोन मुलं यायची. नहाणीत, सिंकखाली आणि दाराच्या कडेने दहा मिनिटं मारायची आणि कागदावर सही घेऊन जायची. कुठला किडा, कुठे दिसतो, किती वाजता दिसतो, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. औषधाचा वास दोन दिवस राहायचा, पंधराव्या दिवशी झुरळं हजर.

चरईतल्या या गृहस्थांचा नंबर समोरच्या काकूंनी दिला. नाव लिहीत नाही. "नाव कुठे टाकू नका वहिनी, पावसाळ्यात आधीच फोन उचलवत नाहीत," असं त्यांनी बजावलंय. पन्नाशीचे असतील, एकटेच काम करतात, स्कूटरवर येतात. पहिल्या दिवशी आले ते पंपाशिवाय. हातात विजेरी, खिशात घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग. फ्रिज पुढे ओढायला लावला, ट्रॉल्या बाहेर काढल्या, बिजागऱ्यांत विजेरी मारून पाहिली. मग पाच चिकट कार्डं ठेवली, 300 रुपये घेतले आणि चालू पडले. मी चिडले. 300 रुपये पुठ्ठे ठेवायचे?

चौथ्या दिवशी येऊन त्यांनी कार्डं गोळा केली आणि ओट्यावर मांडायला लागले. ते मी होऊ दिलं नाही, गॅलरीत पाठवलं. तिथे उकिडवं बसून त्यांनी जे दाखवलं त्यासाठी मी हे लिहितेय.

नहाणीजवळच्या कार्डावर एकच झुरळ होतं, अंगठ्याएवढं, तांबूस, डोक्यामागे पिवळसर कडं असलेलं. हे गटारातलं. चेंबरमध्ये राहतं, रात्री पाइपातून वर येतं. याच्यासाठी घरभर औषध मारण्यात अर्थ नाही, नहाणीची जाळी घट्ट बसवा आणि चार दिवस गावाला गेलात तर आल्यावर आधी बादलीभर पाणी ओता, म्हणाले. खालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे पाइपाच्या वाकात साठलेलं, पाणी सुकलं की त्यांना रस्ता मोकळा.

फ्रिजमागच्या कार्डावर 19 होती. मी त्यांना इतकी वर्षं मोठ्या झुरळाची पिल्लं समजत होते. तर ती वेगळीच जात निघाली! पूर्ण वाढलेलं झुरळही जेमतेम अर्ध्या इंचाचं, फिकट तपकिरी, आणि डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. भिंगातून त्या स्पष्ट दिसतात, चष्म्यानेही दिसतात. एका मादीच्या मागे डाळीच्या दाण्यासारखी कुपी लटकत होती. तिच्यात 30 ते 40 अंडी. मोठं झुरळ आपली कुपी कुठेतरी टाकून जातं, ही मात्र पिल्लं बाहेर पडायच्या वेळेपर्यंत ती घेऊन हिंडते. म्हणजे ती फ्रिजच्या मोटरपाशी उबेत बसलेली असताना नहाणीत कितीही फवारा, तिच्या लेकरांना धक्का लागत नाही. उलट त्या वासाने ती आणखी आत सरकते.

याला जर्मन झुरळ म्हणतात. जर्मनीहून आपल्याकडे कसं आलं, असं मी विचारलं तर हसले. नंतर लेकाने शोधून दाखवलं. 2024 साली आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार हे झुरळ साधारण 2,100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागातल्या आशियाई झुरळापासून निघालं. नाव तिकडचं, माहेर इकडचं. आमच्याकडे मात्र ते आलं होतं जांभळी नाक्यावरून. वाण्याकडचे पुठ्ठ्याचे खोके मी डबे पोचवायला जपून ठेवते ना, त्यांच्या घड्यांमध्ये. एक खोका उचलून त्यांनी टाइलवर आपटला आणि मला काही बोलायची सोय उरली नाही.

औषध म्हणून फक्त जेल. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके बिजागऱ्यांत, फ्रिजच्या मागे, पाणी शुद्ध करायच्या मशिनच्या पाठीला. झुरळ ते खातं, लगेच मरत नाही, आपल्या फटीत जाऊन मरतं. मग बाकीची त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळही खातात आणि तीही जातात. जेवण झाल्यावर ऐकायची गोष्ट, पण काम तसंच होतं. अट एकच होती, जेलच्या आसपास स्प्रे मारायचा नाही, नाहीतर झुरळं त्याला तोंड लावत नाहीत. मी सवयीने एकदा मारलाच. पुढच्या खेपेला त्यांना वासावरून कळलं आणि त्यांनी मला शाळेतल्या मुलीसारखं झापलं.

बाराव्या दिवशी फ्रिजमागच्या कार्डावर दोन झुरळं होती. दीड महिन्यानंतर शून्य.

धान्याचा विषय निघाला तेव्हा सासूबाई मैदानात उतरल्या. तांदळाच्या डब्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकायची त्यांची जुनी पद्धत. "आजी, त्या आधी बाहेर काढा," एवढंच ते म्हणाले, आणि दोन दिवस आमच्याकडे अबोला. तांदळात टोके होते. काळपट, पुढे सोंड असलेले. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. म्हणून ऊन दाखवून, पाखडून चालते किडे गेले तरी महिन्याभरात नवे निघतात. बेसनातले किडे लालसर, चपटे, बिनसोंडेचे. ते अख्ख्या दाण्याला सहसा काही करू शकत नाहीत, पीठ आणि तुकडा हेच त्यांचं अन्न, आणि फार झाले की पिठाला कुबट वास येतो. उपाय सांगितला तो बिनपैशाचा. बेसन टाकून द्या, नवं किलो-किलोनेच आणा, आणि तांदूळ थोडा थोडा करून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. 25 किलो तांदूळ माझ्या फ्रीजरमधून काढायला तीन आठवडे लागले. आईस्क्रीमवरून लेक अजून बोलतो.

पहिल्या पावसात ट्यूबलाइटभोवती जमतात त्यांना आम्ही मुंग्याच म्हणायचो, मुंगीला पंख फुटले की तिचे दिवस भरले वगैरे. त्यांनी खिडकीतले गळालेले पंख भिंगाखाली धरले. चारही सारख्या लांबीचे. मुंगीचे पुढचे पंख मोठे असतात, शिवाय कंबर बारीक. ही वाळवी होती. तळमजल्याच्या जिन्याखाली मातीच्या नळ्याही दाखवल्या. ते काम एकट्या घराचं नाही, सोसायटीने जमिनीत भोकं पाडून करून घ्यायला हवं. सोसायटी म्हणते, इमारत पडणारच आहे. वाळवीचंही तेच म्हणणं असावं.

आता तक्रारी. अकराची वेळ देऊन दीडला येतात, ऐन डबे धुवायच्या वेळी. बोलतात फार. बिल म्हणून वहीचं पान फाडून देतात. नहाणीतल्या केसाळ चिलटांना त्यांनी नुसतं पाइपातलं बुळबुळीत घासून काढायला सांगितलं, ते मी केलं, चिलटं कमी झाली पण गेली नाहीत. ढेकणांचं काम घेत नाहीत. आणि त्या चिकट कार्डावर एकदा पालीचं पिल्लू अडकलं. खोबरेल तेल सोडून सोडून मी ते सुटं केलं, त्यात अर्धा तास आणि एक शेपूट गेलं. हा धोका त्यांनी आधी सांगायला हवा होता.

तीन खेपांचे मिळून 1,800 रुपये झाले, पहिले 300 धरून. पुढची तारीख नवरात्राच्या आधीची घेतलीय. अकराला येतो म्हणालेत, म्हणजे मी जेवून घेईन.