ला सेल्वाचा नाइट वॉक: नाइट लिझार्डसाठी जाणार असाल तर

कोस्टा रिकात सारापिकीजवळच्या ला सेल्वा संशोधन केंद्रात गाइडसोबत रात्री जंगलात फिरता येतं. बेडूक, साप, कीटक बघायला हा वॉक उत्तमच. पण पिवळ्या ठिपक्यांची ट्रॉपिकल नाइट लिझार्ड (लेपिडोफायमा फ्लॅविमॅक्युलेटम, सरड्याची एक जात) बघायची असेल तर गाइडला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती हमखास हुकते.

कुजलेला ओंडका, मुळांमधली फट, दगडाची कपार हेच तिचं घर. अंधार पडल्यावरही ती फार तर फटीच्या तोंडाशी येऊन मुंग्या, वाळवी, कोळी टिपते. दहा जण बूट आपटत, बॅटऱ्या फिरवत आले की आत सरकते. म्हणून गट लहान हवा आणि एखाद्या ओंडक्यापाशी दहा मिनिटं तरी गप्प थांबायची तयारी हवी. झोत थेट फटीत मारू नका, मंद उजेड बाजूने तिरपा टाका. ओंडका अजिबात उलटवू नका: खालचा ओलावा जातो, शिवाय तिथे तेर्सियोपेलो हा जहाल विषारी साप असू शकतो.

दिसली की पाल समजून पुढे जाऊ नका. पापण्या नाहीत, डोळा जिभेने पुसते, इथवर सगळं पालीसारखंच. पण डोक्यावर मोठे खवले, पोटावर चौकोनी खवल्यांच्या रांगा आणि बोटांखाली चिकटगाद्या नाहीत. ती अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. कोस्टा रिका आणि पनामातल्या काही ठिकाणी तर नर सापडतच नाहीत, माद्याच एकट्याने वंश चालवतात!

गाइडला पालापाचोळ्याबद्दल जरूर विचारा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार इथले जमिनीवरचे बेडूक आणि सरडे ३५ वर्षांत सुमारे ७५ टक्क्यांनी घटले, तेही राखीव जंगलात. पाचोळा कमी होणं हे त्यामागचं संभाव्य कारण. ही बाजू समजली नाही तर वॉक अर्धाच झाला.

वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे आंबोलीच्या पावसाळ्याची तयारी इथे बारा महिने लागते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला. कठड्याला हात लावण्याआधी उजेड टाका, बुलेट अँट या जबर डंखाच्या मुंग्या असतात. कॅमेरा एसी खोलीतून अर्धा तास आधी बाहेर काढा, नाहीतर लेन्सवर वाफ धरते. २ मीटरवर फोकस होणारी दुर्बीण असेल तर सरड्याच्या जवळ जावंच लागत नाही.

मुक्काम केंद्रावरच करा. राजधानी सान होसेकडे जाणारा ३२ क्रमांकाचा रस्ता पावसात दरडींमुळे बंद पडतो, रात्री परतायचा बेत नको.