फ्रेंच की कॅरो-कान: काळ्या मोहऱ्यांसाठी कोणता क्लासिकल बचाव निवडावा?

पांढऱ्याने ई४ खेळल्यावर (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; मोहऱ्याचे नाव नसेल तर खेळी प्याद्याची) डी५वर प्याद्याने टक्कर द्यायची, हे ठरले की त्या प्याद्याला आधार ई६ने (फ्रेंच) द्यावा की सी६ने (कॅरो-कान), एवढेच ठरवायचे उरते. मात्र पांढऱ्या घरांवरून चालणाऱ्या काळ्याच्या उंटाचे पुढे काय होणार, हे त्या एका खेळीवर अवलंबून असते.

कॅरो-कानच्या क्लासिकल प्रकारात हा उंट चौथ्याच खेळीला एफ५वर बाहेर पडतो. पांढऱ्याचा घोडा जी३वर येऊन त्याला जी६वर हटवतो आणि मग एच४ येते. तेव्हा एच६ खेळायचे विसरल्यास पुढच्या एच५ने उंट कोंडला जातो, ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. त्यानंतर बहुधा उंटांची मारामारी होते, काळ्याची प्यादेरचना भक्कम राहते आणि डाव शांतपणे पुढे सरकतो. १९५८च्या जगज्जेतेपदाच्या पुनर्लढतीत बोत्विनिकने स्मिस्लोवविरुद्ध पहिलाच डाव कॅरो-काननेच जिंकला होता. तो या फाट्यातला नव्हता, पण या बचावावर जगज्जेतेपदाची लढत पेलता येते हे त्यातून दिसले.

फ्रेंचच्या क्लासिकल प्रकारात (तिसऱ्या खेळीला घोडा एफ६वर) तोच उंट ई६च्या प्याद्यामागे अडकून पडतो आणि ही अडचण खरीखुरी आहे. तिच्या बदल्यात काळ्याला पांढऱ्याच्या केंद्रावर सी५ने घाव घालण्याची संधी मिळते. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात डिंग लिरेनने गुकेशविरुद्ध हेच करून दाखवले. गुकेशने ई५, एफ४ आणि पुढे जी४ अशी राजाच्या बाजूने प्यादी रेटली. डिंगने दुसऱ्या टोकाचे ए-प्यादे ए५, ए४, ए३ असे पुढे नेऊन वजिराच्या बाजूची रचना खिळखिळी केली आणि ४२ खेळ्यांत डाव जिंकला. गुकेशने पुढे लढत ७.५–६.५ अशी जिंकली खरी, पण काळ्या मोहऱ्यांचा हा डाव पुन्हा पुन्हा पटावर मांडून पाहण्याजोगा आहे.

अभ्यासाला वेळ कमी असेल आणि बरोबरीचे वावडे नसेल, तर कॅरो-कान निवडावा. ज्याला काळ्या मोहऱ्यांनीही विजयाचा पूर्ण गुण हवा आहे आणि अडचणीच्या जागेत वीस-वीस खेळ्या तग धरण्याची ज्याची तयारी आहे, त्याला माझा कौल फ्रेंचचा. फक्त फ्रेंचमध्ये चौथ्या खेळीला ई५ येते की उंट जी५वर येतो हे पांढऱ्याच्या हाती असल्याने दोन्ही फाटे आधी बसवून घ्यावेत.