पिशवी उत्तम, आतले सामान कुचकामी

गेल्या ऑक्टोबरमध्ये चिखलदरा आणि गाविलगडाच्या परिसरात तीन दिवस पायी फिरण्याचे ठरले, तेव्हा 'जंगल भटकंतीसाठी खास' असे छापलेली तयार प्रथमोपचार पेटी मी ८९९ रुपयांना ऑनलाइन मागवली. पिशवीबद्दल तक्रार नाही. कापड जाड आहे आणि परतीच्या पावसाच्या सरीत भिजूनही आतला कापूस कोरडा राहिला.

सामानाचे मात्र तसे नाही. चिकटपट्ट्या चाळीस, पण मुरगळलेला घोटा बांधायला क्रेप बँडेज एकही नाही. वाहत्या जखमेवर दाबून धरायला निर्जंतुक गॉजचे दोनच तुकडे, आणि ओआरएसचे पाकीट तर नाहीच. चिमटा प्लॅस्टिकचा असल्याने पहिल्याच कुसळाला वाकला. शेवटी सोबतच्या गावकरी काकांनी बाभळीच्या काट्याने, अगदी शब्दशः, काट्याने काटा काढला.

खरा धोका आहे तो सर्पदंशाच्या कप्प्यात. त्यात रबरी आवळपट्टी, ब्लेड आणि विष ओढण्याचा पंप असून, दंशाच्या वर पट्टी आवळावी व चीर द्यावी, अशी सूचना सोबतच्या कागदावर आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे दिलेली चीर वाहतच राहते. आवळपट्टीने अवयवाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि पंपाने विष निघत नाही. अंगठी, जोडवी, कडे काढून ठेवावे, फळीच्या आधाराने अवयव स्थिर करावा आणि रुग्णाला चालू न देता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन गाठून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे, एवढेच आपल्या हाती असते. यासाठी पेटीत हवी होती ती फळी आणि रुंद पट्ट्या.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तो कप्पा रिकामा केला आणि परतवाड्याच्या एका मेडिकलमधून दहा सेंटिमीटर रुंदीची दोन क्रेप बँडेज, गॉज, पोव्हिडोन आयोडीनचे मलम, पॅरासिटामॉल आणि प्रत्येकी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची ओआरएसची सहा पाकिटे घेतली. हात गळ्यात अडकवण्यासाठी त्रिकोणी पट्टीऐवजी खांद्यावरचा दुपट्टा पुरेसा होता.

कंपनीने नुसती पिशवी दोनशे रुपयांना विकल्यास मी आणखी एक घेईन. भरलेली पेटी मात्र कोणी घेऊ नये.