अर्धा एचपी सबमर्सिबल पंप, सांगलीतील एका पावसाळ्यानंतर: पंप जरूर घ्यावा, त्याच्यासोबतचा फ्लोट काढून टाकावा

हा अभिप्राय ऑगस्टअखेरीस लिहिला असता, तर ‘घेऊ नका’ एवढेच लिहून मी थांबलो असतो. आता परतीचा पाऊसही होऊन गेला आहे आणि माझे मत बदलले आहे. परंतु ते कशामुळे बदलले हे सांगितल्याशिवाय नुसते तारे देण्याला अर्थ नाही. गढूळ पाण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या या पंपाची मूळ माहिती खोक्यावर छापलेली असतेच, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही.

आमचे घर शामरावनगरच्या सखल भागात आहे. येथे जमीन सपाट, माती काळी, आणि पाणी वाहून नेणारे जुने ओत बहुतेक ठिकाणी बुजलेले आहेत. शेजारी नवी बांधकामे होतात, ती मुरमाची भरणी करून आपले जोते उंच करतात, रस्ताही प्रत्येक डांबरीकरणात थोडा वर येतो, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची घरे आपोआप खड्ड्यात जातात. सुरुवातीला अनेकांनी सुचवले की शोषखड्डा घ्यावा. मुरमाड जमिनीत तो उत्तम चालतो. काळ्या मातीत मात्र पहिल्या दोन-तीन पावसांत माती फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि त्यानंतर पाणी जवळजवळ मुरतच नाही. त्यामुळे अंगणाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात सिमेंटच्या रिंगांचा खड्डा, त्यात पंप, आणि तेथून रस्त्याकडेच्या पावसाळी गटारापर्यंत पाइप, हाच मार्ग उरला. (हे पाणी भुयारी गटाराच्या चेंबरमध्ये सोडण्याचा सल्लाही मिळतो. तो मानू नये. ती वाहिनी मैलापाण्यासाठी असते, आणि पावसाचे पाणी त्यात गेले की तेच पाणी कोणाच्या तरी शौचालयातून वर येते.)

पंपाच्या ताकदीबद्दल माझी तक्रार नाही. आमची जागा दोन गुंठे, म्हणजे सुमारे 202 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होते, हा हिशेब धरला तर तासाला 40 मिलिमीटरच्या जोरदार सरीत छत, फरशी आणि अंगण मिळून तासाभरात सुमारे आठ हजार लिटर, म्हणजे मिनिटाला 135 लिटर पाणी खड्ड्याकडे येते. खोक्यावर लिहिलेला कमाल प्रवाह पाणी अजिबात वर चढवायचे नसते तेव्हाचा असतो, म्हणून मी प्रत्यक्ष जोडणीच्या टोकाला 200 लिटरचा पिंप ठेवून मोजणी केली. तो सव्वा मिनिटात भरला; म्हणजे मिनिटाला 160 लिटर. गरजेपेक्षा थोडे अधिक, आणि तेवढेच हवे होते. दुकानदार 1 एचपीचा आग्रह धरत होते. लहान खड्ड्यात मोठा पंप बसवला तर तो काही सेकंदांत खड्डा उपसून थांबतो, लगेच पुन्हा सुरू होतो, आणि मोटरीला सर्वाधिक त्रास चालण्याचा नसून वारंवार सुरू होण्याचा असतो.

आता फ्लोटकडे वळतो, कारण हा सगळा लेख त्याच्यासाठीच लिहीत आहे.

पंपाबरोबर वायरीला बांधलेला फ्लोट स्विच येतो. पाणी वाढले की तो तरंगत वर उलटतो आणि पंप सुरू करतो. पाणी उतरले की खाली लोंबतो आणि पंप बंद करतो. कल्पना चांगली आहे, पण या फ्लोटला वर्तुळाकार फिरायला मोकळी जागा लागते. आपल्याकडे घरगुती खड्ड्यासाठी सर्रास 2 फुटी रिंगा वापरल्या जातात. त्यात मध्यभागी पंप, त्याच्या बाजूने वर जाणारा पाइप, आणि उरलेल्या वीतभर जागेत फूटभर वायरीवर झुलणारा फ्लोट. तो पाइपच्या मागे अडकणे ही अपवादाने घडणारी गोष्ट नाही. ते घडणारच आहे. खाली अडकला तर पंप सुरू होत नाही आणि पाणी घरात शिरते. वर अडकला तर पंप बंद होत नाही, खड्डा कोरडा पडतो, आणि पाण्यानेच थंड राहणारी मोटर कोरडी तापत राहते.

आमच्याकडे आधी दुसरी गोष्ट घडली आणि तिच्यामुळे पहिलीही. जुलैच्या अखेरीस रात्रीच्या पावसानंतर फ्लोट वरच अडकला, पंप पहाटेपर्यंत कोरडा फिरत राहिला, आणि त्याचे मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती पाणी आत येऊ न देणारी कडी, गेले. सील गेले की तेलाच्या कप्प्यात पाणी उतरते. नंतर उघडल्यावर तेल दुधासारखे पांढरे निघाले, ती हीच खूण. त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या सरीत पंप सुरू होताच आरसीसीबीने, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचने, वीज तोडली आणि पाणी पार्किंगमधून दुसऱ्या पायरीपर्यंत चढले. आरसीसीबीबद्दल मात्र कृतज्ञताच आहे. 30 मिलिअँपिअरची ती पेटी आणि नीट अर्थिंग नसेल तर पाण्यातला पंप घेऊच नये, कारण साचलेल्या पाण्यात उभे राहून आपण त्याच्याशी खटपट करत असतो.

सेवा केंद्राचा अनुभव संतापजनक होता. तेथील तंत्रज्ञाने पंप पाहून सांगितले, “सर, खड्ड्यात गाळ आहे, हे वॉरंटीत बसत नाही.” गढूळ पाण्याचा म्हणून विकलेल्या पंपाला गाळाचे कारण कसे लावता, हे मी तोंडी विचारले, लेखी विचारले, पावतीची आणि माहितीपत्रकाची प्रत जोडून विचारले. शेवटी उत्तर आले की फ्लोटची वायर आखूड बांधायला हवी होती. हे माहितीपत्रकात कोठेही नाही, आणि तो उपायही अर्धवट आहे. वायर आखूड केली की सुरू होण्याची आणि बंद होण्याची पातळी जवळ येते, आणि पंप पुन्हा दर थोड्या वेळाने चालू-बंद होऊ लागतो. खड्डा किमान किती रुंद हवा, ही एक ओळ छापायला कंपनीला काय खर्च आला असता? पाण्यापासून घर वाचवण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा सर्वांत निर्णायक भाग सर्वांत स्वस्त ठेवावा, आणि तो बिघडल्यावर ग्राहकालाच दोष द्यावा, याचा मला आजही राग आहे. सीलचे पैसे अखेर मीच भरले.

माझे मत बदलले ते गल्लीतल्या मोटर बांधणाऱ्या मिस्त्रींमुळे. त्यांनी पंप पूर्ण उघडून वळण, शाफ्ट, बिडाचे कवच सगळे दाखवले आणि म्हणाले, “दादा, पंपात काही खोट न्हाई. हे लोंबतं काढून टाका.” त्यांनी जुना फ्लोट कापला आणि दांड्यावर सरळ वर-खाली सरकणारा उभा फ्लोट बसवला, त्याभोवती भोके पाडलेला 4 इंची पीव्हीसी पाइप लावला, म्हणजे पाने आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या त्याला अडवणार नाहीत. खर्च पंपाच्या किमतीच्या दहाव्या भागाहूनही कमी आला. सप्टेंबरमधल्या विजांच्या कडकडाटाच्या पावसांत, जेव्हा येथे कमी वेळात फार पाणी पडते, पंप एकदाही अडला नाही. आवाजही इतका कमी की चालू आहे की नाही ते गटाराच्या तोंडाशी जाऊन पाहावे लागे.

पाइपवरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हबद्दलही (पाणी उलटे येऊ न देणाऱ्या) थोडे. झडपेचा व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो, पण झडपेत काडी अडकली की तो उघडाच राहतो. गढूळ पाण्याला गोळ्याचा व्हॉल्व्ह बरा. सांगलीत त्याची गरज पाऊस नसतानाही पडते. कृष्णा चढली की नाल्यांची तोंडे बुडतात आणि गटारातले पाणी उलटे घरांकडे येऊ लागते.

येथेच या पंपाची मर्यादाही आहे. हा पावसाच्या साचलेल्या पाण्यासाठी आहे, महापुरासाठी नाही. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी; 2019 च्या ऑगस्टमध्ये नदीने 57 फूट ओलांडले होते. गटार आणि रस्ता दोन्ही पाण्याखाली असताना उपसलेले पाणी टाकणार कोठे? ते फिरून आपल्याच अंगणात येते. 2005, 2019 आणि 2021 पाहिलेल्यांना हे सांगायला नको, पण नव्याने राहायला आलेल्या काही कुटुंबांना दुकानातून ‘पूर आला तरी चिंता नाही’ असे सांगून पंप विकलेले मी पाहिले आहेत. पातळी वाढत असेल तर मुख्य वीज बंद करून, सामान वर चढवून घर सोडावे.

घरातल्या इन्व्हर्टरवर पंप चालेल अशीही समजूत असते. चालताना तो फार वीज घेत नाही. सुरू होताना मात्र त्याच्या कित्येक पट घेतो, आणि साधा घरगुती इन्व्हर्टर तेवढ्यात बंद पडतो. आम्ही तिघा शेजाऱ्यांनी मिळून लहान जनरेटर घेतला आहे.

ज्यांचा खड्डा अजून खणायचा आहे, त्यांनी 3 फुटी रिंगाच घ्याव्यात. 2 फुटी खड्ड्यात एक फूट उंचीला सुमारे 89 लिटर पाणी मावते, 3 फुटीत 200 लिटर. तेवढ्या फरकाने पंप निम्म्याहून कमी वेळा सुरू होतो आणि कोणत्याही फ्लोटला हालायला जागा मिळते. रिंगांऐवजी प्लॅस्टिकची टाकी पुरणार असाल तर ती काँक्रीटमध्ये जखडून घ्यावी, कारण भूजल वर आले की रिकामी टाकी जमिनीतून वर उचलली जाते. आमच्या खड्ड्याच्या रिंगा येत्या उन्हाळ्यात बदलायच्या आहेत. दर दिवाळीनंतर पंप वर काढून धुवावा, तेल पाहावे आणि मगच झाकून ठेवावा. वॉरंटीची तक्रार मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. सीलचे पैसे परत मिळाले किंवा नाकारले गेले, तर याच अभिप्रायात खाली लिहीन.