एदो किरिको की र्‍यूक्यू काच?

जपानी जेवणात काचेची भांडी मुख्यतः उन्हाळ्यात बाहेर येतात: गार सोमेन (गव्हाच्या बारीक शेवया), थंड तोफू, थंड साके (तांदळाची दारू). हाताने फुंकलेली काच घ्यायची म्हटलं की ही दोन नावं हमखास निघतात.

एदो किरिको ही टोकियोची कोरीव काच. १८३४ मध्ये कागाया क्यूबेई याने एमरीच्या (घासायला वापरतात त्या कठीण खनिजाच्या) भुकटीने काचेवर नक्षी कोरली, तिथून तिची सुरुवात मानतात. आज बहुतेक पेल्यांत पारदर्शक काचेवर रंगीत काचेचा पातळ थर असतो. फिरत्या चाकावर तो थर कापला की खालची स्वच्छ काच उघडी पडते. माशाच्या अंड्यांसारखी ‘नानाको’, भांगेच्या पानांची ‘आसानोहा’ अशा नक्ष्या. एक रेघ घसरली की पेला बाद, त्यामुळे किंमत ऐकून दचकू नका.

र्‍यूक्यू काच जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांची. दुसऱ्या महायुद्धानंतर कच्चा माल मिळेना, म्हणून कारागिरांनी अमेरिकी तळांवरच्या कोला-बिअरच्या रिकाम्या बाटल्या वितळवल्या. काच जाड झाली, आत बुडबुडे राहिले, आणि तो दोषच लोकांना आवडला! (आता सगळा माल बाटल्यांचा नसतो, तसाच हवा असेल तर विचारून घ्या.)

साकेच्या छोट्या पेल्याला माझं मत किरिकोला. सोमेनच्या वाडग्याला मात्र र्‍यूक्यूच. रोज हाताळायला जड काच बरी, आणि नक्षीच्या खाचा घासत बसावं लागत नाही. गरम मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं) दोन्हींत नको, तडा जाईल. त्याला लाखेची लाकडी वाटी आहेच.