नाशिकच्या ओझर विमानतळावरून एटीआर की एअरबस?
गुडघे धरलेल्या मावशीने विचारलं, कुठलं विमान घेऊ? एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं विमान. त्याच्या मागच्या दारातच मोजक्या पायऱ्या असतात, गुडघ्यांना तेवढा दिलासा. आसनं दोन-दोन, म्हणजे मधे अवघडून बसणं नाही. पण पंखे पुढच्या रांगांजवळ, तिथे कानात सारखी घरघर. मागचीच सीट घ्यावी. मोठी बॅग वरच्या कप्प्यात जात नाही.

एअरबसच्या ए३२० मध्ये तीन-तीन आसनं, तरी केबिन रुंद: ३.७० मीटर, एटीआरची २.५७. एटीआर २५ हजार फुटांपर्यंतच जातं, ए३२० त्याहून खूप वर. पावसाळ्यात खाली हेलकावे जास्त, हा फरक पोटाला कळतो.

तासाभराचा प्रवास, हातात पिशवी असेल तर एटीआर. लांबचा पल्ला किंवा मळमळ होत असेल तर ए३२०. मावशी, तू ए३२० मध्ये मधल्या वाटेच्या कडेचीच सीट माग.